तीनशे बेचाळीस घरं

रविवार, २ मार्च २००३

माझ्या कॅफेतला रविवारचा तास: सहा कॉम्प्युटर, अकरा विद्यार्थी. विद्यापीठाशेजारच्या आमच्या सप्तापुरात आता चार सायबर कॅफे झालेत. पण वेबसाइटवर विश्वास ठेवायचा की नाही हे शिकवणारा मी एकटाच – शिक्षण नववी!

आज मिरचीचं उदाहरण दिलं. हुबळीच्या मिरची बाजारात बारा वर्षं तोलार होतो, पोत्यांचं वजन करायचो. पोत्याच्या तोंडाशी लालभडक माल असतो. आपण कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळातली मूठ वर काढायची. वेबसाइटचंही तेच. लिहिलं कुणी, कधी, आणि त्याला सांगितलं कुणी? एवढं कळल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही.

एक मुलगी म्हणाली, "पण अण्णा, ही दिसायला किती छान आहे की."

"पोतंही नवंच असतं गं."

सगळे हसले. मेधा तेवढी हसली नाही. विद्यापीठात एम.फिल. करते. मिरज-सांगलीकडून हुबळीत येऊन दुकानं थाटलेली मराठी घरं, हा तिचा विषय.

३ मार्च

मेधा कॅफे उघडायच्या आधीच दारात. तिचं चौथं प्रकरण सगळं एका आकड्यावर उभं आहे – अशी तीनशे बेचाळीस घरं आली म्हणे. एकतीस तारखेच्या आत प्रबंध दिला तर नवनगरच्या कॉलेजात जूनपासून नोकरी. नाहीतर वडिलांनी बेळगावचं स्थळ काढून ठेवलंय.

"आकडा कुठनं आणलास?"

"तीन वेबसाइटवर आहे, अण्णा. तिन्हीकडे सारखाच."

"सारखा म्हणजे किती सारखा?"

तिन्ही शेजारी शेजारी उघडल्या. वाक्यंच्या वाक्यं तीच. एकाच पोत्यातला माल तीन दुकानांत मांडलेला.

पोरीचा चेहरा एवढासा झाला. शिकवताना गंमत वाटते. लागू पडतं तेव्हा कुणाला तरी लागतंच.

५ मार्च

दिवसभर वीज नाही. विमला म्हणाली, "लोकाच्या पोरीची एवढी काळजी बायकोचीही केली नाही कधी." आणि मेधासाठी दोन धपाटी स्वतःच जास्त बांधून दिली.

रविवार, ९ मार्च

मेधानं त्यातल्या एका वेबसाइटवाल्याला ई-मेल केला होता. पुण्याचे कुणी निवृत्त कारकून. बिचाऱ्यांनी लगेच उत्तर पाठवलं – आकडा वादिराज सरांच्या एका जुन्या लेखातून घेतला. व्यापाऱ्यांच्या कसल्याशा स्मरणिकेत ऐंशी साली छापलेला.

वादिराज सर म्हणजे मेधाचे गाईडच! जे तिला वर्षभर सांगतायत, "नेटवरचं नको बाई, छापलेलं आण." नेटवर गेलं ते छापलेल्यातूनच. आणि तिच्या प्रकरणात तोच आकडा वाचूनही त्यांना स्वतःचा लेख आठवला नाही.

"सरांना विचारू कसं, अण्णा? सही त्यांचीच लागते."

"आदरानं विचार. पण विचार."

"तुम्ही विचारलं असतं?"

"घाबरलो असतो," म्हणालो. खोटं कशाला बोलू?

१३ मार्च

विचारलं पोरीनं.  सर म्हणाले, "एन धैर्य तुझं! काय धैर्य!" स्मरणिका माळ्यावर असेल, शोधतो म्हणालेत. आधार सापडला नाही तर आकडा काढायचा आणि प्रकरण नव्यानं लिहायचं. अठरा दिवसांत.

सांगताना रडली. रडून झाल्यावर दोन नंबरचा कॉम्प्युटर मागितला. महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवला.

रविवार, १६ मार्च

आजचा तास मेधानं घेतला. तिन्ही वेबसाइट उघडून दाखवल्या, आपण कुठं फसलो ते सांगितलं. मागच्या बाकावरचा एक टवाळ म्हणाला, "अक्का, एम.फिल.वाले पण फसतात?"

"फसतात. कारण तो आकडा मला हवा होता."

इतकी वर्षं मी तळातली मूठ काढायला सांगतोय, पण ज्याला घाई आहे त्याचा हात पोत्यात जातच नाही, हे काही मला सुचलं नव्हतं. या पोरीला नोकरी मिळायलाच हवी.

मंगळवार, १८ मार्च

वादिराज सर स्मरणिका काखेत घेऊन स्वतःच कॅफेत आले. मेधा जेवायला गेली होती. लेखाखालची तळटीप बोट ठेवून वाचून दाखवली – 'आकडा मिरची बाजारातील एका तोलाराने सांगितला, १९७९.'

"मराठी बोलणारा तरुण होता. नाव विचारायचं राहिलं बघा. आता कुठं सापडायचा?"

आत्ता ओळखलं त्यांना. तेव्हा चष्मा नव्हता, केस दाट होते. वही घेऊन काट्यापाशीच उभे, मराठी घरं किती आली, किती आली, एकच लकडा. मागं गाड्या खोळंबलेल्या. समोरच्या पोत्याच्या चिठ्ठीवर ३४२ होतं. तेच सांगून मोकळा झालो.

सर बाहेर बाकावर चहा घेतायत. मेधा यायची आहे. दोघांना एकदमच सांगणार. आधी इथं लिहून ठेवतो, म्हणजे मागं फिरता येणार नाही.