आजीच्या काडीचं रोप

३ जून
आलो एकदाचे नव्या घरात! घर लहान, पण मागे हातरुमालाएवढं का होईना, अंगण आहे. हे म्हणतात, माझा हात लागला की गवतसुद्धा जीव सोडतं. बघतेच म्हटलं! फडताळात आधीच्या भाडेकरूंची कागदी पुडी सापडली. आत चार काळ्या बिया, वर नाव ना गाव. घरात माणसंही चारच: हे, मी, सासूबाई आणि आमची सात वर्षांची लेक खारूताई. प्रत्येकानं आपल्या हातानं एकेक बी पेरली. खारूताईनं आइस्क्रीमच्या काड्यांवर चौघांची नावं लिहून शेजारी रोवली.

१४ जून
उगवली! आधी आजीचं रोप वर आलं म्हणून खारूताई फुगून बसली होती. दुसऱ्या दिवशी बघते तर तिचं पुढे, आजीचं मागे. पोरीची कळी खुलली. पण हे आहे तरी काय? पानांवर मऊ लव, देठ हाताला कोमट लागतो. नर्सरीवाल्यानं वांग्याच्या जातीतलं ठरवलं, सासूबाई म्हणतात पालेभाजी, ह्यांच्या मते शुद्ध तण. जितकी तोंडं तितकी नावं.

२७ जून
पलीकडच्या घरात वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी भिंगातून पाहिलं, चार जाडजूड पुस्तकं चाळली आणि हात टेकले. म्हणाले, एक रोप मुळासकट द्या, टीपकागदात दाबून वाळवतो, मग ओळख पटेल. सासूबाई म्हणाल्या, सूनबाई, माझं मेलं खुरटंच आहे, तेच दे. त्यांच्या काडीजवळचं मी उपटलं. मुळांनी माती सोडताना चिवटपणा केला, दोन्ही हात लावावे लागले. खारूताई काहीतरी सांगायला आली होती, पण मी घाईत होते.

१ जुलै
खारूताई चार दिवस अंथरुणात. पाणी पाणी करते, पण पोटात ठरत नाही. कातडी कागदासारखी झालीय. छातीवर कुणीतरी बसलंय म्हणते. डॉक्टरांना काहीच सापडत नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही.

४ जुलै
सकाळी मांजरानं ह्यांच्या रोपाची फांदी मोडली. त्याच सुमारास ऑफिसच्या जिन्यावर ह्यांचा हात मोडला. योगायोग, दुसरं काय! तरी राहवेना. माझ्या रोपाचं एक पान चिमटलं. तळहातातून अशी कळ गेली की ब्रह्मांड आठवलं.
सासूबाईंचं रोप आठवडाभर कागदात दाबलेलं! धावत आत गेले. त्या मजेत मटार सोलत बसल्या होत्या. मग खारूताईला का—

५ जुलै
विचारलं. रडत कबूल झाली. आजीचं आधी उगवलं म्हणून काड्या तिनं बदलल्या होत्या.
मी माझ्या हातांनी माझ्या पोरीला उपटलं.

६ जुलै, सकाळ
रोप हिसकावूनच आणलं. विटांखाली चपटं, करकरीत झालेलं. प्राध्यापक म्हणाले, ओळख पटत नाही, आज चिरून बघणार होतो. चिरून!
पाण्यात ठेवलं. काही नाही. खोड नखानं खरवडलं — एका डोळ्यापाशी, कोंब फुटतो तिथे, आत अजून हिरवं आहे!
नर्सरीवाल्याकडे पळाले. म्हणाला, मूळ गेलं म्हणजे संपलं. फार तर त्याच जातीच्या मुळं धरलेल्या रोपावर, म्हणजे जिवंत खुंटावर, कलम करून बघा. खुंटाचा शेंडा छाटायचा, त्यावर हे बांधायचं. पुढे खुंटाला खालून फुटवा आला की खुडून टाकायचा, नाहीतर तो वरचं मारतो.
जिवंत खुंट तीन. ह्यांना किंवा सासूबाईंना मागणारी मी कोण?

दुपार
माझंच छाटलं. आई गं—
बांधलं. पाय जाणवत नाहीत. अक्षर वेडंवाकडं येतंय—
आतून सासूबाई ओरडल्या. खारूताई पाणी प्यायली. पोटात राहिलं! राहिलं!
अहो, ही वही वाचाल तेव्हा — रोज बुंध्याशी पाणी. खालून फुटवा येईल. ओळखीचा वाटेल तुम्हाला. माया करू नका, खुडा. तो मीच असेन, पण तिला जग—