तिसऱ्या दिवशीचा बर्फ

उम्म सलाल मोहम्मद, कतार
सोमवार

प्रिय दुर्गे,

अक्षरावरूनच ओळखलं असशील. दीड वर्षापूर्वी तू काश्मीरच्या त्या खिंडीत, रस्त्यावरचा बर्फ हटवायच्या कामावर इंजिनिअर म्हणून निघालीस, तेव्हा मी ताडकन म्हणालो होतो, की गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस, मीही फोन करणार नाही. लिहिणार नाही असं मात्र म्हणालो नव्हतो. तेव्हा बापानं शब्द मोडला म्हणून आईला सांगून दोघी हसू नका. माझ्या खोलीतला संपत उद्या सुट्टीवर गावी निघालाय, तो हे साताऱ्यात पोस्टात टाकेल.

माझं बरं चाललंय. तेच काम, लोकांचे एसी उघडायचे, धुवायचे, गॅस भरायचा. मध्यंतरी दोह्यातल्या बिन महमूद भागात यशोधन सरांकडे एसीच्या कामाला गेलो होतो. नगरकडचे आहेत, हवामानाचा अभ्यास करतात. मराठी माणूस म्हटल्यावर चहा आला, आणि मी आपलं सहज विचारतोय असं दाखवून काश्मीरच्या बर्फाचा विषय काढला. ते म्हणाले, तिकडे लांब प्रशांत महासागराचं पाणी मधल्या पट्ट्यात एक-दीड अंशानं तापलं, की आभाळातल्या वाऱ्यांची वाट बदलते. मग भूमध्य समुद्राकडून येणारे ढग हिवाळ्यात बहुतेकदा जास्त ओल घेऊन येतात. वाटेत आमच्या डोक्यावर पाऊस टाकतात आणि पुढे तुमच्या डोंगरांवर बर्फ होऊन पडतात. पाणी गार पडलं तर बर्फ कमी. दरवेळी असंच होतं असं नाही, हेही ते म्हणाले. अगं, एक अंश! रिमोटवर तेवढा फरक केला तर गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही, आणि तिथं अख्खा हिवाळा बदलतो. यंदा ते पाणी तापलेलं आहे म्हणाले, आणि मला पुढचा चहा गोड लागेना.

तेव्हापासून मी आभाळ बघायला लागलो. इथं पाऊस झाला की तारीख लिहून ठेवतो आणि तुझ्या आईला फोनवर आडून आडून विचारतो, काय गं, तिकडे हवा कशी आहे. साधारण तिसऱ्या दिवशी ती सांगते, दुर्गाकडे बर्फ पडला. संपत चिडवतो नुसता, यल्ला धनाजी, चल, आता टीव्हीवर हवामानाच्या बातम्या दे म्हणतो. पण ढग आले की पहिला फोन मला त्याचाच येतो.

खरं सांगू? गेल्या माघात तुमच्या खिंडीत बर्फाचा कडा कोसळला, तेव्हा दोन दिवस तुझा ठावठिकाणा नव्हता. आई रडत होती आणि पोरगी खमकी आहे म्हणून मी तिला धीर देत होतो. त्या दोन दिवसांत तुझा नंबर किती वेळा लावला देव जाणे. लागतच नव्हता. तू सुखरूप असल्याचं आईनं कळवलं, तेव्हा मी ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत एका गच्चीवर एसीच्या पेटीला टेकून लहान पोरासारखा रडलो. आणि मग तुझी लाईन चालू झाली, तेव्हा मात्र फोन लावला नाही. राग कधीच गेला होता गं. लाज वाटत होती.

आज सकाळपासून इथं पाऊस धरलाय, रस्त्यांची तळी झालीत. म्हणजे बुधवारी तुमच्याकडे बर्फ. सांभाळून राहा, एवढंच सांगायला लिहायला बसलो. आणि निम्मं लिहिल्यावर डोक्यात उजेड पडला, की ढगांना तीन दिवस लागतात आणि या पत्राला दहा-बारा. हे वाचशील तेव्हा तुझा तो बर्फ हटवूनही झाला असेल. तेव्हा मी हरलो म्हण. पेन खाली ठेवला की तुला फोन लावतोय. तू तो उचललास की नाही, हे पत्र वाचताना तुला ठाऊक आहे, मला अजून नाही. उचलला नसशील तर माझी तक्रार नाही, तेवढा राग तुझा हक्काचा आहे. पण इथं पुढचा पाऊस लागला की मी पुन्हा फोन करीन. बोलू नकोस हवं तर. नुसता उचलून कानाला लाव, मागं तुझ्या मशीनची घरघर ऐकू आली तरी मला पुरे.

तुझाच हट्टी,
अण्णा