सातव्या पिढीचा राउटर

१५ सप्टेंबर, सोमवार
माधवचा कॉल आज पुन्हा तुटला. वरच्या खोलीतून खाली आला, कॉफी अर्धीच प्यायला. "अप्पा, येथून काम व्हायचें नाहीं. नेट टिकत नाहीं."
ऑफिसने त्याला ३ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आहे. कायमचं घरून काम, की परत बेंगळूर, ते कळवायचं. कॉलेजपासून बाहेर असलेला एकुलता एक मुलगा कुंभकोणमला राहू शकतो, आणि आडवं काय येतंय तर वायफाय! वायफायपायी मी मुलगा जाऊ देणार नाही. वेणीला तसं बजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली. माझ्या बजावण्यापेक्षा बायकोला खडे महत्त्वाचे.

१७ सप्टें., बुध.
कोर्टातून परस्पर मोठ्या वीथीवरच्या राउटरच्या दुकानात. दुकानदार म्हणतो, सध्या तुमच्याकडे पाचव्या पिढीचं वायफाय आहे, फार तर सहावं घ्या सार, तिघांच्या घराला उरून पुरेल. सातवं कशाला? म्हटलं, सल्ल्याची फी मी घेतो, देत नाही. सातवंच घेतलं. चार शिंगांचा काळा डबा. बांधाच्या तंट्यातला सुंदरपेरुमाळ कोयिल गावचा पक्षकार बरोबर होता, त्याच्याच मोटरसायकलवर मांडीत धरून आणला. जुना डबा माळ्यावर.

१८ सप्टें., गुरु.
जोडला. वेग मोजला. होता तेवढाच. पुन्हा मोजला. तेवढाच. डोक्यात राख.
माधवने समजावलं, आवाज जराही न चढवता: "खांबावरून घरांत येतें तें तितकेंच, अप्पा. तुम्हीं नळ मोठा लावलांत, टाकी तीच. आणि माझ्या लॅपटॉपास हें सातवें कळतच नाहीं. तो जुना."
"मग तुझा कॉल तुटतो कशानें?"
"पाहूं."
साक्षीदार 'पाहूं' म्हणाला की मी तिथेच खणत बसतो. आज खणलं नाही.

२२ सप्टें., सोम.
नवरात्र. कोलूच्या बाहुल्या मांडायच्या पायऱ्या माधवनेच लावल्या, एकेक बाहुली पुसून दिली. आईची चेष्टा चालली होती, राजाराणीच्या बाहुल्यांपेक्षा तुझा किराणावाला शेट्टी ठसठशीत म्हणे. घरात असं हसणं कधी ऐकलं होतं, आठवेना. मनात आलं, राहील हा.
मग ऑफिसचा फोन. चेहरा एकदम बंद. वर गेला.

२५ सप्टें., गुरु.
हे लिहावं की नाही...
चारच्या सुमारास माधव जिन्यावरून ओरडला, "गेलें, पुन्हा गेलें!" मी डब्याकडे धावलो. सगळे दिवे हिरवे. वर गेलो. लॅपटॉप मिटलेला, हा खिडकीशी. पलीकडच्या खोलीत वेणी तिच्या तंजावरच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलत होती, साडीचा काठ दाखवत होती, चित्र कुठे अडत नव्हतं. तोच डबा, तेच वायफाय.
मनाशी म्हटलं, फोन वेगळा, लॅपटॉप वेगळा. याने काही सिद्ध होत नाही. विरुद्ध पक्षाने असला बचाव केला असता तर फाडून खाल्ला असता.

२८ सप्टें., रवि.
केबलवाल्याला फोन, लाइन ठीक म्हणतो. मग दुकानदाराला. दर खोलीत एकेक डबा ठेवता येईल का? येईल म्हणतो. वेणीने पलीकडून हात जोडले. मला नव्हे, देवाला.

१ ऑक्टोबर, बुध.
सरस्वतीपूजा. माझी कायद्याची पुस्तकं, विळी, स्कूटर, सगळ्यांना चंदन-कुंकू. दुपारी पाहतो तर नवा राउटरही देवीपुढे, चारी शिंगांना फुलं! ठेवलेली वस्तू उद्या सकाळपर्यंत हलवायची नाही. आणि संध्याकाळी सहाला माधवची परदेशच्या लोकांशी बैठक, घरून काम जमतं का, हे ऑफिस ज्यावरून पाहणार ती.
घर डोक्यावर घेतलं. वेणी ढिम्म. "ठेविलें तें ठेविलें. उद्यां काढूं."
"आणि ह्याचा लॅपटॉप गे? तो नाहीं ठेविलास?"
माधव पटकन म्हणाला, "तो ऑफिसचा, आपला नव्हे." वकिलाचा पोर.
नाइलाजाने माळ्यावरचा जुना डबा काढला, धूळ फुंकली, जोडला. सहा वाजता जिन्यात उभा राहिलो. आता तुटेल, मग तुटेल. तुटलं नाही. एकदाही नाही. माधव बोलतोय, पलीकडचे हसतायत, शेवटी सगळ्यांनी त्याची वाहवा केली.
दार उघडून बाहेर आला, तो समोर मी.
"नाहीं तुटलें?"
"नाहीं."
जुना डबा कोनाड्यात लुकलुकत होता. त्याने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपण पकडले गेलो हे साक्षीदाराला कळतं, तेव्हाचा तो चेहरा मी आयुष्यभर पाहत आलोय. स्वतःच्या मुलाचा पाहायचा नव्हता. पुढचा प्रश्न विचारलाच नाही. जेवायला चला म्हटलं.

२ ऑक्टो., गुरु.
विजयादशमी. पुस्तकं उचलली, एक पान वाचलं, अक्षर डोक्यात शिरलं नाही. वेणीने नवा डबा पुसून आणून दिला. "हा लावतां का तो असूं दे?" म्हटलं, असू दे.
मग तीच म्हणाली, "तुम्हीं त्यास विचारलांत का?"
"काय?"
"राहायचें का, तें."
तोंडात मारल्यासारखं झालं. दुकानदाराला विचारलं, केबलवाल्याला विचारलं. ज्याला विचारायचं त्याला सोडून सगळ्या गावाला.
दिवसभर धीर झाला नाही. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न मी कोर्टात कधी विचारत नाही.

३ ऑक्टो., शुक्र.
सकाळी विचारलं. माधव दाढी करत होता, आरशातच बोललो, समोरासमोर जमलं नसतं. "नेट राहूं दे. तुज येथें राहायचें आहे का?"
वस्तरा थांबला.
"डबा आणलांत तेव्हां विचारलें असतें तर नाहींच म्हटलें असतें," म्हणाला. "परत जायचें ठरवूनच आलों होतों. नेटाचें कारण सांगितलें म्हणजे तुमच्या मनास लागणार नाहीं, म्हणून."
"आणि आतां?"
"आतां ठाऊक नाहीं, अप्पा. खरेंच ठाऊक नाहीं. संध्याकाळीं लिहितों त्यांस."
"काय लिहिशील?"
त्याने तोंड धुतलं, टॉवेल खांद्यावर टाकून वर गेला. गेले तीन आठवडे रोज नेटचं नाव घेत होता, आज घेतलं नाही. मला बरं वाटलं, आणि भीतीही. आता तो गेला तर दोष द्यायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.
साडेपाच झाले. वर टाइप केल्याचा आवाज येतोय.