केसाहून बारीक रेषा

८ जानेवारी १९९६
संकल्प: प्लॅस्टिकच्या पट्टीवर केसाहून बारीक रेषा उमटवायच्या. इतर लोक यासाठी विषारी केमिकल्स वापरतात. मी वापरणार बाभळीचा डिंक, गूळ आणि लोहाचा क्षार. ऊन लागेल तिथे थर घट्ट, बाकीचा साध्या पाण्याने धुऊन मोकळा. २५ तारखेच्या पुण्याच्या सेमिनारला पेपर पाठवूनही टाकला. 'रेषा मिळाल्या' असंच लिहिलंय. मिळणारच आहेत.
प्राचार्य म्हणाले, यंदा पेपर वाचला नाहीत तर तुमची डार्करूम एनसीसीला, बूट ठेवायला. माझ्या डार्करूममध्ये बूट!

११ जानेवारी
थर वाळेना. आमच्या सोनई गावाची हवा दमट असावी. सीमा म्हणाली, चिक्कीत गूळ जास्त झाला की अशीच चिकटते. बायकोला पॉलिमरमधलं काय कळतं!

१५ जानेवारी, दुपारी २
मुंग्या. अर्धा थर फस्त. नोंद: पदार्थ पर्यावरणाला निरुपद्रवी, सिद्ध.

१९ जानेवारी
नवा थर. वाळला का, हे दर दहा मिनिटांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. शेवटी वाळला असं ठरवलं. वर रेषांची निगेटिव्ह ठेवून ऊन दिलं, धुतला.

२० जानेवारी, सकाळी ११
रेषा!! बॉटनीच्या मायक्रोस्कोपखाली स्वच्छ दिसतात. निगेटिव्हमध्ये सरळ होत्या, इथे वळल्यात. नैसर्गिक पदार्थ, वळणारच. केसाहून जाड आहेत, पण केस कुणाचा हे पेपरमध्ये कुठे लिहिलंय? मधून एक तिरकी रेघ जाते. तिला 'नियंत्रित भेग' नाव दिलं. प्राचार्यांना कळवलं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

२४ जानेवारी, संध्याकाळी
लॅबचा शिपाई कानिफनाथ. त्याला पट्टी कापसात गुंडाळायला दिली. त्याने ती खिडकीशी उजेडात धरली. म्हणतो, सर, ह्यो तर आंगठा हाय. मी म्हटलं, बाबा, ही सूक्ष्म रचना आहे. तर म्हणतो, आवो, दर म्हयन्याला पगाराला उठवतो की मी, मला न्हाई कळायचं व्हय?
उजवा अंगठा पाहिला. लहानपणी ऊस सोलताना कापलेला. तिरका व्रण.
फार लाज वाटली. पेढ्यांची सर्वात जास्त.

२५ जानेवारी
पुण्याला गेलो नाही. प्रकृतीचं कारण कळवलं. दुपारी डार्करूममध्ये बूट आले, चाळीस जोड. किल्ली दिल्याची सही करायला रजिस्टर ओढलं, तर कानिफनाथने शाईचं पॅड पुढे सरकवलं.
हसला नाही. सवयीनेच सरकवलं असावं.