दोन अंगठे

४ ऑगस्ट
सुकन्ये, आधी तारीख टाक, मग चष्मा शोध. डोक्यावरच आहे. ही माझी सून. मी सांगणार, ती लिहिणार आणि तीच मला वाचून दाखवणार, म्हणजे निम्मं विसरलेलंच ऐकायचं. मी 'न्हाय' म्हणते, ती 'नाही' लिहिते. लिहू दे, शाळा शिकलीय.
डॉक्टर म्हणाले, पायाचं रोज लिहून ठेवा. उजव्या अंगठ्यात बाभळीचा काटा गेला, महिना झाला, भरत नाही. शुगर आहे, आत जंतू झालेत म्हणे. मी म्हटलं, दाखवा. तर म्हणाले, डोळ्याला दिसत नाहीत. मग यांना कसे दिसले?
दिवाळी झाली की मेंढरं चाऱ्याला बाहेर पडतात. त्यांच्यामागं मी चालणार, हे नक्की. त्याआधी जंतूंचा निकाल.

५ ऑगस्ट
कॅप्सूल सुरू. सात दिवस घ्यायच्या. पट्टी रोज बदलायची, पाय भिजवायचा नाही.

७ ऑगस्ट
ठणका थांबला. जंतू मेले. मेलेल्याला कितीदा मारायचं? उरलेल्या कॅप्सूल डब्यात ठेवल्या.

९ ऑगस्ट
एक मेंढी लंगडत होती. भाकरीत दोन कॅप्सूल घालून चारल्या. लेक अजिनाथ ओरडला, आये, तुझं औषध तिला कशाला? तोवर मेंढी चालायला लागली की! माणसाचं औषध मेंढीला लागू पडतं, तर मेंढीचं माणसाला का नाही?

१२ ऑगस्ट, सकाळ
पट्टी ओली झाली. पुन्हा पू. खुरं सडली की मेंढरं आम्ही मोरचुदाच्या निळ्या पाण्यातून चालवतो. सगळा कळप बरा होतो. मी तर एकटी. घमेल्यात पाय घालून बसले. सुकन्या नको नको म्हणाली. हे लिहू नको. लिहिलंस? बरं.

१३ ऑगस्ट
पाय निळा. जंतू घाबरले असणार.

१५ ऑगस्ट
अंगठा काळा. मोरचुदाचा रंग असेल, उतरेल. घरात वास येतोय, मेंढीचा असणार. मेंढी लांब बांधायला लावली.
संध्याकाळ. वास घरातच आहे.

१८ ऑगस्ट, सोलापूर
ॲडमिट केलं. पायाला काय काय लावलं, डॉक्टरांनी विचारलं. अजिनाथनं सगळं सांगून टाकलं, घमेल्यासकट. डॉक्टर म्हणाले, आजी, ठणका जंतू मेले म्हणून नाही थांबला, शुगरनं नसा मेल्या म्हणून थांबला. मला पटलं नाही. पण कुणी विचारलंही नाही.
कापसानं पू काढून नेला. सुकन्या म्हणते, तो ताटलीत वाढवतात आणि कोणत्या औषधानं मरतो ते बघतात. म्हणजे विरजणच की! माझं विरजण आजवर फसलेलं नाही.

२१ ऑगस्ट
लई घट्ट लागलं विरजण. निम्म्याअधिक औषधांना जंतू दाद देईनात. अर्धी औषधं घेऊन सोडली की चिवट तेवढे मागं राहतात, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, डब्यात उरलेल्या चालतील का? त्यांनी डबाच फेकून द्यायला सांगितला. अजिनाथ जिन्यात जाऊन डोळे पुसत होता. केर गेला म्हणे. एवढ्या झाडलेल्या जिन्यात?

२२ ऑगस्ट
अंगठा काढला. नऊ बोटं आहेत अजून. मेंढरामागं चालायला अंगठा लागतोच असं नाही.

२४ ऑगस्ट
दाराजवळच्या खाटेवर महेश्वरी आहे, अक्कलकोटची. कन्नड बोलते, मला कळत नाही. डबा आणायला तिला कुणी नाही. भिंतीला धरून टाचेवर गेले आणि अर्धी भाकरी दिली. नर्स ओरडली. ओरडू दे. चालता येतंय हे तिलाही दिसलं.

२७ ऑगस्ट
काळं वर चढलंय. गुडघ्याखालून पाय काढायचा म्हणतात, नाहीतर विष अंगभर. अजिनाथनं सही केली. डॉक्टर म्हणाले, आजींचीही लागेल. मला लिहिता कुठं येतं? शाई लावून हाताचा अंगठा दिला. पायाचा फुकट गेला, हाताचा कामाला आला.
दिवाळीचं नंतर बघू.

३० ऑगस्ट
चादर उजव्या बाजूला सपाट आहे. जंतू गेले म्हणतात. जाणारच, राहायला जागा कुठं उरली? अजिनाथला सांग, मेंढरं घेऊन त्यानंच जावं. माझी वाट बघू नये.
उद्या डब्यात माझ्यासाठी एक कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आण. महेश्वरीची भाकरी वेगळ्या फडक्यात बांध आणि येतानाच दारात तिच्या हातात दे. विसरू नको, सुकन्ये. तिच्यापर्यंत आता मला जाता येत न्हाय. 'न्हाय'च लिही.