भुजंगप्रयातात न बसलेले होटगीकर

३ फेब्रुवारी १९३४. सकाळ.
ईश्वरप्पा आला होता. मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, आहे, तिसरीत माझ्या हाताखाली होता. कामगारांनी चाळीत वाचनालय काढलंय. म्हणाला, ‘‘मास्तर, गाणी लई झाली की. खरं लिवणारी मानसं सांगा. पेपरातली बी चालतील. चारच पुस्तकं मागवायचीत, तवा नेमकी चार नावं द्या.’’ शिवाय दर रविवारी तिथं वाचून दाखवायला मीच हवा. पेन्शनीत निघाल्यापासून पाच वर्षांत मला कुणी काही विचारलेलं नाही. लिस्ट उद्या सकाळी देतो म्हणालो.

४ फेब्रुवारी.
लिस्ट झाली नाही. गद्य वाचायला सवड कधी मिळाली? उमर क्रमिक पुस्तकातल्या कवितांत गेली. नावं मात्र ऐकून आहे. यशोदा म्हणते, ‘‘अहो, चार नावांना दोन दिवस? वाण्याची यादी मी फोडणी देता देता सांगते.’’ तिला काय कळणार!

७ फेब्रुवारी. पहाटे.
सुचलं! यादी भुजंगप्रयातात द्यायची, म्हणजे जन्मभर पाठ राहील.
‘करंजे नवाळे विवेकी गुळाणे’
वा! चौथे खरं म्हणजे होटगीकर. साप्ताहिकात गिरण्यांविषयी निर्भीड लिहितात म्हणे. पण कसंही फिरवलं तरी बसेनात. शेवटच्या ‘कर’ला चाल लंगडते. गाळले. त्यांच्या जागी ‘विवेकी’ हे विशेषण, गुळाण्यांचं. तीन काय नि चार काय.

२० फेब्रुवारी.
पुस्तकं येऊन चार दिवस झाले. विवेकी नावाचे लेखक सापडेनात म्हणून पुण्याच्या दुकानदारानं ‘विवेकी गृहिणी’ पाठवलं. लोणच्यांचं आहे. बाकीच्या तिघांची जोडपानंसुद्धा अजून कुणी कापलेली नाहीत. ह्याच्यावर मात्र नंबर लागलेत. ईश्वरप्पा म्हणाला, ‘‘ह्यो विवेकी लई खरं लिवतो, मास्तर. आमच्या मायाक्काचं लिंबाचं लोणचं दर साली का बुरसतं, ते बराबर लिवलंय.’’
विशेषणाचं बोललो नाही. निवड चुकली असं कसं म्हणावं?

२५ फेब्रुवारी. रविवार.
पहिलं वाचन. धुतलेला कोट घातला. चाळ भरलेली. ईश्वरप्पानं पुस्तकाऐवजी पेपर हातात दिला. होटगीकरांचा लेख, कापसाच्या धुरळ्यानं लागणाऱ्या खोकल्यावर. ‘‘हे नाव कसं ओ इसरला, मास्तर?’’ वयाचं कारण दिलं.
वाचायला लागलो. आवाज छान लागला होता. तिसऱ्या ओळीला मागं कुणीतरी ताल धरला, तेव्हा कळलं, मी चालीवर म्हणतोय.
ईश्वरप्पा हळूच म्हणाला, ‘‘मास्तर, ह्याच खोकल्यानं आपल्या खात्यातला ईरप्पा मेलाय. तेवढी चाल सोडा की.’’
पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दोन ओळी बऱ्या गेल्या. मग परत चाल. पाणी प्यालो. परत तेच.
शेवटी ईरप्पाची बायको बसव्वा उठली. माझ्या हातातून पेपर घेतला. ती अजून एकेक अक्षर लावत वाचते. एका लेखाला तास लागला.
कुणी उठलं नाही.