बुधवारची भाजी

ता. ४ मार्च

ती. भाऊजींना,
सा. न. वि. वि.

ताईला जाऊन दोन महिने होतील. एवढ्यात मी तुम्हाला फोनवर फोन केले. तुम्ही एकदा उचललात आणि नंतर करतो म्हणून ठेवून दिलात. ते 'नंतर' काही अजून उगवलेलं नाही. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसले. पत्र निदान उचलून खाली ठेवलं तरी बंद पडत नाही.

तुमच्या खालच्या मजल्यावरचा शिंपी माझ्या बाजूचा आहे, हे लक्षात असू द्या. त्याच्याकडून सगळं कळतं. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी कोपऱ्यावरून कागदात बांधून आणलेलं तळकट, रात्री पुन्हा चहा-बिस्किटं. भाऊजी, तुम्हाला रक्तदाब आहे. ताई मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवायची ती काय शोभेला? मी रोज रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात अख्ख्या वॉर्डांची ताटं लावते. कोण पथ्य पाळतं आणि कोण उशीखाली फरसाण लपवतं, हे मला चेहऱ्यावरून ओळखता येतं. तुमचा चेहरा समोर नाही, पण अंदाज आहे.

हयातभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरलात. यंत्राला वेळेवर तेल घालणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाबतीत असं करावं? निदान एक भाजी शिजवायला शिका. गाजर चिरायला पदवी लागत नाही.

मी बरी आहे. खोटं कशाला लिहू, तितकीशी नाही. पण जेवते.

मला राग आला तरी लोभ कमी होत नाही, हे जाणून उत्तर लिहावं.

तुमची,
धाकटी


ता. १३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आधी फोनचं सांगून टाकतो. तुझा आणि तुझ्या ताईचा आवाज फोनवर इतका सारखा येतो की लग्न झाल्यापासून मी फसत आलोय. मागे तू नुसतं जेवलात का असं विचारलंस आणि मला खाली बसावं लागलं. पत्रात अक्षर तुझं असतं. तिचं अक्षर मुंग्यांसारखं, तुझं माकडासारखं, फसायला होत नाही. तेव्हा पत्रच लिहीत जा.

आता एक नवल ऐक.

बुधवारी घरात खरोखर काही उरलं नव्हतं. तुझी ताई दर बुधवारी जुन्या नाट्यगृहामागच्या बाजारातून भाजी आणायची. घराजवळचा बाजार सोडून एवढ्या लांब का, हे मी कधी विचारलं नाही. दुपारी जायची, दिवेलागणीला यायची, आणि त्या रात्री भूक नाही म्हणायची. मी तिची ती तुकड्यातुकड्यांची पिशवी घेतली आणि तिकडे गेलो. एक भाजीवाली पिशवीकडे टक लावून बघायला लागली. म्हणाली, ही तर बुधवारच्या बाईंची पिशवी. त्या आजारी आहेत का? वरच्या बाई रोज खिडकीतून ओरडून विचारतात, मी काय सांगू?

कोण वरच्या बाई, असं विचारलं तर तिने बोटाने जिना दाखवला. अंधारा, अरुंद, कठड्याला हात लावावा तर हलणारा. अशा इमारतीला लिफ्ट नाही याची मला आयुष्यात पहिल्यांदा चीड आली. वर एकच खोली. खिडकीखाली दुकानांचे पत्रे, कोपऱ्यात शेगडी, शेगडीजवळ दोन खुर्च्या. एका खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई ताठ बसलेल्या. त्यांना दिसत नाही. माझी पावलं ऐकून म्हणाल्या, तुम्ही त्या नव्हेत.

त्या बाई नाटकात प्रॉम्प्टर होत्या. नट वाक्य विसरला की पडद्याआडून पुरवायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. मग डोळे गेले. तुझी ताई दर बुधवारी त्यांना कादंबरी वाचून दाखवायची, धाकटे! वाचताना शेगडीवर भाज्यांचं सूप शिजत ठेवायची, आणि दोघी ते तिथेच प्यायच्या. मला यातलं अक्षर माहीत नाही. जाड पुस्तक टेबलावर होतं, मध्यावर खूण म्हणून चमचा घातलेला.

बाई म्हणाल्या, एवढ्या आठवड्यांत निरोपसुद्धा नाही, माझं काही चुकलं का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं की ती बहिणीकडे राहायला गेली आहे, जरा जास्त दिवस.

बहीण म्हणजे तू. का म्हणालो, ठाऊक नाही. जीभच वळेना.

त्यांनी विचारलं, मग तुम्ही वाचणार का? मी हो म्हणालो. मी उभ्या जन्मात मशीनच्या माहितीपुस्तकाशिवाय काही वाचलेलं नाही.

रागावशील. रागाव, पण पत्र लिही.

तुझा,
भाऊजी

ता. क. सूप कसं करतात?


ता. २० मार्च

ती. भाऊजींना,
सा. न. वि. वि.

गेलेल्या माणसाला तुम्ही माझ्या घरी राहायला पाठवलंत, आणि वर सूप कसं करतात विचारता!

पत्र वाचून मी इतकी संतापले की हातातली कोबी अर्धी चिरून ठेवून दिली. मग घरी गेले. दार उघडताना मला एक क्षण खरंच वाटलं की ताई आत असेल. खिडकीशी पाय वर घेऊन बसलेली, पुस्तक घेऊन. भाऊजी, असं कुणाशी करू नये. त्या बाईंशीही नाही. त्या वाट बघतायत आणि तुम्ही त्यांना वाट बघायला आणखी जागा करून देताय. पुढच्या बुधवारी सांगून टाका. कसं सांगायचं ते मला विचारू नका, मला माझ्या शेजारणीलाही नीट सांगता आलेलं नाही.

पण एक कबूल करते, मला त्या बाईंचा हेवा वाटला. लहानपणी मी जेवायला त्रास द्यायचे तेव्हा ताई मला गोष्ट वाचत भरवायची. मी तोंड मिटलं की ती पुस्तक मिटायची. पुढे काय झालं ते कळावं म्हणून मी नावडती भाजीही गिळलेली आहे. म्हणजे खोड जुनीच. कादंबरी कसली आहे? कुणाची गोष्ट आहे? ताईला आवडत होती का? सगळं सविस्तर लिहा, दोन ओळींत उरकू नका.

सूप: मूठभर मसूर धुऊन घ्या. गाजर, कोबी, एक टोमॅटो, आल्याचा तुकडा. सगळं बुडेल एवढं पाणी, मंद आच. ढवळत राहा, पुस्तकात गुंगू नका. मीठ अगदी चिमूटभर. अळणी वाटलं तर लिंबू पिळा, बरणीकडे बघायचंसुद्धा नाही.

खरं बोलावं, कमी मीठ खावं आणि मला विसरू नये.

तुमची,
धाकटी


ता. ५ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सविस्तर लिही म्हणालीस, तर घे.

कादंबरी नदीकाठच्या एका गोदामाची आहे. पहिल्याच पानावर ते जळतं. कोणी जाळलं, हे शोधण्यात सगळं गाव एकमेकांकडे संशयाने बघायला लागतं. तुझ्या ताईला ती इतकी आवडत होती की घरी येताना पुस्तक मुद्दाम तिथेच ठेवायची, नाहीतर एकटीच वाचून संपवेन म्हणायची. तिचा संशय मुकादमावर होता. बाईंना मुकादम निर्दोष वाटायचा. दोघी यावरून तावातावाने भांडायच्या म्हणे. आमच्या घरात तिला भांडायला मुकादम नव्हता, मीच होतो.

मी बाईंना विचारलं, हिने मला हे कधी सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलं होतंत का? मी आठवून पाहिलं. भाजी ताजी मिळाली का, एवढंच विचारायचो.

वाचताना माझी फजिती झाली. बाई म्हणाल्या, तुम्ही लिफ्टसारखं वाचता, प्रत्येक मजल्यावर थांबता. स्वल्पविराम आला म्हणून दार उघडायचं नसतं. मी अडखळलो की पुढचा शब्द त्याच पुरवतात, कधीही न वाचलेल्या पुस्तकातला, आणि बहुतेक वेळा बरोबर. पहिल्या दिवशी सूप खाली लागलं, कारण गोदामाचा पहारेकरी सापडत नव्हता आणि मला ढवळायचं सुचलं नाही. करपलेलं सूप दोघांनी प्यायलं. त्या दिवशी मी घरी येऊन चहा-बिस्किटं खाल्ली नाहीत. शिंप्याला विचार.

असे दोन बुधवार गेले. सांगायचं म्हणून जायचो आणि पान उघडायचो. गेल्या बुधवारी मात्र बाईंनी शाल विणून ठेवली होती. बहिणीकडे पहाटे गारवा असेल, पाठवून द्या म्हणाल्या. शाल माझ्या हातात दिली. मग मला ते खोटं पुढे नेणं झेपेना. मी सांगितलं.

त्यांनी विणकामाच्या सुया चाचपून बाजूला ठेवल्या. मग विचारलं, कधी? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे त्या बुधवारी मी सूपाचं भांडं मांडून बसले होते आणि ती आली नाही म्हणून तिला नाही नाही ते बोलले. आणि तुम्ही मला तिच्यावर रुसायला आणखी तीन आठवडे दिलेत. आवाज जराही चढवला नाही. पुस्तक इथे ठेवा आणि जा, म्हणाल्या.

जिना उतरताना कठडा धरला नाही. शाल इथे खुर्चीवर आहे. तिचं काय करू?

तुझा,
भाऊजी


ता. ११ एप्रिल

ती. भाऊजींना,
सा. न. वि. वि.

बरं केलंत. उशिरा केलंत, पण केलंत.

आता काही दिवस वर जाऊ नका. रागावलेल्या माणसाला समजावायला जाणं म्हणजे उकळत्या दुधात हात घालणं. पण त्या माउलीच्या पोटात काय जातंय? डोळ्यांनी दिसत नाही, वर जिना, आणि बुधवारचं गरम जेवणही बंद. आमच्याकडे रोगी चिडून ताट परत पाठवतो, तरी पुढच्या वेळेला ताट जातंच. तुम्ही सूप करा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि भाजीवालीच्या हातून वर पाठवा. निरोप काही नको. डबा परत रिकामा आला तर समजा की बोलणी सुरू झाली.

शाल तुमच्याकडेच ठेवा. मी ती इथे मागवून घेणार नाही. कुणी दिलेली वस्तू असं पत्ते बदलत फिरवू नये. ती कुणाची, हे विणणारीने ठरवावं.

मी त्या कादंबरीच्या शोधात तीन दुकानं पालथी घातली. मिळाली नाही. मिळाली असती तर तू शेवटचं पान आधी वाचलं असतंस, असं ताई म्हणाली असती, आणि ते खरं आहे.

डब्याची हकिकत कळवावी. इकडे एका बाईचा जीव टांगणीला लागला आहे.

तुमची,
धाकटी


ता. २ मे

सौजन्यमूर्ती बुधवारच्या बाईंच्या धाकट्या भगिनीस,
स. न. वि. वि.

हे पत्र मी सांगते आहे आणि तुमचे भाऊजी लिहीत आहेत. एक शब्द गाळला तर मला कळेल, अशी तंबी दिली आहे.

डबे आले. पहिला मी तसाच परत पाठवला. दुसरा उघडला, वास घेतला आणि झाकण लावलं. तिसऱ्यात आलं जास्त पडलं होतं. हे त्यांना सांगणं भाग होतं, म्हणून वर बोलावलं. (खरं आहे. भाजीवाली धावत आली, बाई आल्यावरून ओरडतायत म्हणाली. – भाऊजी)

मला खोट्याचा राग आला नव्हता. रंगमंचावर जन्म गेला, खोटं मला नवं नाही. राग याचा आला की सगळं जग तिच्यासाठी रडून मोकळं झालं आणि मला कोणी आपल्यातली म्हणून निरोप दिला नाही. पण मग विचार केला, निरोप द्यायला मी आहे हे माहीत तरी कुणाला होतं? यांनाही नव्हतं. मग यांच्यासोबतच रडले. आता ते झालं.

काल कादंबरी संपली. गोदाम मुकादमाने जाळलं नव्हतं. नावाड्याने जाळलं, आणि तेही चुकून, विडीच्या ठिणगीने. तुमच्या ताईचा अंदाज साफ चुकला. तुमचे भाऊजी हे वाचून एकदम हसायला लागले. म्हणाले, संसारात ती एकदाही चुकली नव्हती, चला, एकदा सापडली! आणि असे हसता हसता गप्प झाले. तिला हे सांगून चिडवायचं होतं त्यांना. मी पुढचं वाक्य पुरवण्यात तरबेज आहे, पण तिथे मलाही वाक्य सापडलं नाही. मी त्यांना सूप वाढलं.

पुढचं पुस्तक निवडायचं आहे. त्यांना यंत्रांचं हवंय, मला भुतांचं. तुमचं मत कळवा. शालीचंही ठरलं आहे, ती आता वाचणाऱ्याच्या खांद्यावर असते.

आता ज्यासाठी पत्र घातलं ते विचारते. मी तिला कधी पाहिलं नाही. डोळे गेल्यावर ती माझ्याकडे यायला लागली. तिचा आवाज मला पाठ आहे, शिंक पाठ आहे, जिन्यावर दम लागला की कुठे थांबायची तेही. पण ती दिसायची कशी? यांना विचारलं तर म्हणाले, चांगली होती दिसायला. नवऱ्याला एवढंच सांगता येतं का हो? फोटो बघून सांगायचं नाही, अशी माझी अट आहे. फोटोत माणूस श्वास रोखून बसलेला असतो. तुम्ही तिच्यासोबत वाढलात. तुम्ही सांगा.

ओळख नसताना हट्ट करते आहे. गोड मानून घ्यावा.

आपली,
वरच्या बाई

ता. क. धाकटे, मी तीन दिवस प्रयत्न करतोय. भुवईपाशी तीळ होता एवढं नक्की. डावी की उजवी, यावर अडलोय. – भाऊजी


ता. ९ मे

ती. वरच्या बाईंना व ती. भाऊजींना,
सा. न. वि. वि.

उजवी, भाऊजी. उजवी! रोज समोर बसून जेवत होतात ना?

बाई, ताईचं कपाळ रुंद होतं आणि त्यावर केसांची एक बट काही केल्या बसायची नाही. हसायच्या आधी डोळे बारीक व्हायचे, त्यामुळे विनोद तिला आवडणार हे समोरच्याला आधीच कळायचं. वाचताना खालचा ओठ दाताखाली धरायची. रंग माझ्याहून उजळ, यावरून मी लहानपणी रडलेही आहे. बाकी लिहायला बसले आणि लक्षात आलं की शब्दांत मांडताना ती कुणीही बाई होतेय.

म्हणून असं करू. नाक आमचं दोघींचं एकच आहे, मधे जरा उंच आणि शेंड्याला आखूड. हनुवटीही तीच. मी रजा टाकली आहे. येत्या बुधवारी जिना चढून वर येते. तुम्ही माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून बघा. मी हलणार नाही, श्वासही रोखणार नाही. जिथे फरक आहे तिथे मी सांगत जाईन.

पुस्तक भुतांचंच निवडा. लिंबं मी आणते आहे.

भेटीत उरलेलं सगळं.

तुम्हा दोघांची,
धाकटी